खिडकीकडची खुर्ची

१

न्याहारीची भांडी विसळून झाली की डेस्मंड मागच्या खोलीत जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरायचा. नकाशा घडीवर उठायचा, म्हणून चार कोपऱ्यांना चार वजनं ठेवायची: मुरंब्याची बाटली, साखरेचं भांडं, माझ्या चष्म्याचं घर आणि त्याची गोळ्यांची डबी. मग आम्ही दोघं खुर्च्या ओढून बसायचो आणि गाड्या ठरवायचो.

पॅरिस, तिथून अविन्यों, मग समुद्राच्या कडेकडेनं नीस, जेनोआ, रोम, नेपल्स आणि शेवटी लेच्चे, इटलीच्या बुटाच्या अगदी टाचेत. घाई नाही. कुठं मन रमलं तर तिथंच राहायचं, गाडी काय रोजच असते. इंग्लंडातल्या आमच्या टॉडमर्डन गावच्या लायब्ररीत मी काम करत होते तेव्हा एका पुस्तकात लेच्चेचं चित्र पाहिलं होतं. मधाच्या रंगाचा दगड, आणि उन्हात खुर्ची टाकून बसलेली एक बाई, जिला कुणी हाक मारत नव्हतं. चित्रात हाक ऐकू येत नाही हे मला कळतं. पण मला ती बाई व्हायचं होतं.

लायब्ररी मी मुदतीआधीच सोडली, कारण ईनिडना, माझ्या सासूबाईंना, जिना चढवेना. त्यांचा पलंग खाली पुढच्या खोलीत आणला आणि खिडकीकडे त्यांची खुर्ची. हाक त्या मारत नसत. हाक मारणं त्यांना अडाणीपणाचं वाटे. बशीवर चमचा वाजवत, अगदी हलक्या हातानं, आणि मी जिथं असेन तिथून जाई. डेस्मंड शाळेत सुतारकाम शिकवायचा. सकाळी निघताना मला दारातून ओरडून "येतो गं" म्हणायचा, आणि रस्त्यावर गेल्यावर वळून खिडकीकडे बघत टोपीला दोन बोटं लावायचा. ते आईसाठी.

सहलीचा बेत आम्ही पूर्वीही केला होता, एकदा सोडून अनेकदा. दर वेळी ईनिड एकच वाक्य बोलायच्या. "माझी काळजी करू नका. तुम्ही जा." आणि दर वेळी निघायच्या आदल्या दिवशी त्यांच्या छातीत काहीतरी व्हायचं. त्या खोटं बोलत होत्या असं मी म्हणणार नाही. छाती त्यांचीच होती.

गेल्या ऑक्टोबरात त्या गेल्या. मार्चमध्ये डॉक्टर डेस्मंडचं हृदय तपासून म्हणाले, "जायचं तर यंदा जा. पुढच्या वर्षीचं मी काही सांगत नाही." म्हणून मे महिना ठरला, आणि यंदा काही झालं तरी जायचंच असं मी मनाशी पक्कं केलं.

२

पहिल्यांदा बिघडला तो चहा.

आमच्याकडे चहा भांड्यात मुरवतात. माणशी एक चमचा आणि वर एक भांड्याचा, ही डेस्मंडच्या घरची पद्धत. ईनिड गेल्यावर एक चमचा कमी करायला त्याला आठवडे लागले होते. एकदा जमलं ते जमलं. आणि एप्रिलच्या सुरुवातीला एका सकाळी चहा पुन्हा कडू लागला. मी काही बोलले नाही. आईचा चमचा माणसाच्या हातून पडला तर बायकोनं त्याकडे बोट दाखवू नये. मी दूध जास्त घातलं आणि प्यायले.

त्याच दिवशी मी अविन्योंच्या हॉटेलला फोन केला. मला लायब्ररीतल्या कॅसेटवर शिकलेलं फ्रेंच येतं, पण तिकडची बाई माझ्यावर दया करून इंग्रजीत बोलली.

"हो मादाम, नोंद आहे. तळमजल्याची खोली, पायऱ्या नाहीत. तिसरा पलंग खिडकीकडे."

"तिसरा कशाला?" मी म्हणाले. "आम्ही दोघंच आहोत."

"मला तिघं असं सांगितलंय. पण मादाम म्हणतील तसं."

डेस्मंडनं आधी फोन केला असणार. सवयीनं तीन म्हणाला असेल. फोन ठेवून मी मागच्या खोलीत आले, तर तो नकाशावर वाकून जेनोआजवळचे बोगदे बघत होता. त्याची मान मागून फार बारीक दिसली. मला त्याची कीव आली आणि मी विषय काढला नाही. आमच्या घरात कुणी कुणाच्या दुःखात नाक खुपसत नाही. त्यालाच आम्ही सभ्यपणा म्हणतो.

३

प्रवासाला निघण्यापूर्वी बॅगांची तालीम करायची, हा डेस्मंडचा हट्ट. बॅगा खऱ्याखुऱ्या भरायच्या, उतारावरून स्टेशनपर्यंत ओढत न्यायच्या आणि परत आणायच्या. झेपलं तर ठीक, नाहीतर वजन कमी करायचं. आमची शेजारीण पॉलीन दारातल्या कुंड्यांना पाणी घालत होती. तिनं आम्हाला बघून कंबरेवर हात ठेवला.

"पळून चाललात का दोघं? भाडं थकलंय की काय?"

"तालीम आहे," डेस्मंड म्हणाला.

"अरे देवा. लग्नाची पण तालीम केली होतीस का रे?"

"केली असती तर वाचलो असतो."

"ऐकलंस ग्लेंडा? याला तिकडेच सोडून ये."

मी हसले. पण जाताना नाही, येताना मला चढ झेपेना. गुडघ्यांत कुणी ओली वाळू भरल्यासारखं झालं. माणूस गेल्यावर आपला थकवा उतरेल असं मला वाटलं होतं. उलट इतकी वर्षं उभं राहून केलेलं सगळं आत्ता अंगात उतरत होतं. मेथडिस्ट चर्चच्या बुटक्या भिंतीवर मी टेकले आणि डेस्मंडला म्हणाले, "तू हो पुढं, मी आलेच."

त्यानं ऐकलं की नाही कोण जाणे. तो बोलत पुढं गेला. मला त्याची पाठ दिसत होती. तो एरवी चालतो तसा चालत नव्हता. पावलं आखडून, मध्ये मध्ये थांबून चालत होता, आणि एक हात अंगापासून किंचित दूर धरला होता, कोपरात वाकवून. शेजारी कुणी धरून चालत असलं म्हणजे आपण हात जसा धरतो तसा. वळणावर त्यानं मान कलती केली, कुणाचं तरी ऐकलं, आणि हसला.

मी घरी पोचले तेव्हा त्यानं किटली चढवली होती.

"आज बरी बोललीस वाटभर," तो म्हणाला. "किती दिवसांनी."

"मी चर्चच्या भिंतीवर बसले होते, डेझ."

त्याच्या चेहऱ्यावर एक घाबरट हसू आलं, विद्यार्थ्याच्या हातून रंधा निसटल्यावर यायचं तसं. "म्हातारा झालो," तो म्हणाला आणि चहाचा डबा उघडला. त्यानं किती चमचे घातले ते मी बघितलं नाही. चहा कडू होता.

४

पुढच्या खोलीतला पलंग आम्ही केव्हाच देऊन टाकला होता. ईनिडचे कपडे पॉलीन घेऊन गेली होती. ती आठवड्यातून दोन दिवस बाजारातल्या चॅरिटीच्या दुकानात बसते, दान आलेले जुने कपडे विकायला. खुर्ची तेवढी राहिली, कारण ती दारातून बाहेर निघेना. आत कशी आली होती ते कुणालाच आठवत नव्हतं.

एका दुपारी मी वर कपड्यांच्या घड्या करत होते आणि खाली चमचा वाजला.

हलक्या हातानं, बशीवर. मी घडी टाकून जिन्याच्या मध्यावर आले तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी कुणासाठी उतरते आहे. तिथंच कठड्याला धरून उभी राहिले. मला भीती वाटली, पण त्याहून जास्त संताप आला. मेल्यावरसुद्धा मीच का, असं मनात आलं.

मग मी स्वतःला समजावलं. मागून मालगाडी जाते तेव्हा कपाटातल्या बश्या वाजतात. आत्ता गाडी गेली असणार. मी पुढच्या खोलीत गेले. खिडकी बंद, पडदा सारखा केलेला. खुर्चीच्या हातावर कपबशी होती. डेस्मंड विसरला असेल. उचलायला गेले तर कप गरम लागला.

डेस्मंड तेव्हा मागच्या अंगणात होता. त्याच्या करवतीचा आवाज मला मघापासून येत होता.

मी खुर्चीत बसले. कारण काही नाही, ती जवळ होती म्हणून. आणि लाज वाटते सांगायला, पण फार बरं वाटलं. पाठ नेमकी जिथं दुखायची तिथं टेकली. खिडकीतून उतार, रस्त्याचं वळण, खाली स्टेशनचं छप्पर, सगळं दिसत होतं. इतकी वर्षं त्या खोलीत मी फक्त उभी राहिले होते, तिथून काय दिसतं ते मला माहीतच नव्हतं. गरम होता म्हणून तो चहाही मी प्यायले. तो कडू नव्हता, अगदी बेताचा होता.

त्यानंतर मी रोज जरा वेळ तिथं बसू लागले. डेस्मंड काही न बोलता चहा तिथं आणून देऊ लागला.

५

मेच्या पहिल्या आठवड्यात पॉलीन आली. घराची किल्ली तिच्याकडे ठेवायची होती, झाडांना पाणी घालायला. मी खुर्चीतूनच तिला ये म्हणाले.

"बरी आहेस ना?" ती म्हणाली. "जायच्या वेळी असं तोंड? मी असते तर आत्तापासून नाचले असते."

"थकलेय गं."

"तिकडे जाऊन झोप. कुणी उठवणार नाही." मग ती खुर्चीकडे बघून म्हणाली, "सासूबाईंचा तो फिकट तपकिरी कोट आठवतो? मोठ्या बटणांचा? गेला एकदाचा. सगळा हिवाळा टांगलेला होता, आणि आता उन्हाळ्याच्या तोंडावर खपला."

"कुणी घेतला?"

"होती एक म्हातारी. बघितली मी पाठमोरीच, गल्ल्यावर दुसरी बाई होती. पिशवीसुद्धा नको म्हणाली. अंगावर चढवला आणि तशीच गेली, चांगली ताठ." पॉलीन हसली. "तुझ्यापेक्षा ताठ."

ती गेल्यावर मी उठायचं ठरवलं आणि उठता उठता बराच वेळ गेला. मग पुढच्या दाराच्या आतल्या बोळात जाऊन लेच्चेला फोन लावला. ते ठिकाण मी अजून स्वतः विचारलं नव्हतं. सुख शेवटी चाखायचं म्हणून ठेवलं होतं.

"हो, हो, सिन्योरा," तिकडची बाई म्हणाली. "बदल केलाय. आता दोघंच."

मला हायसं वाटलं. "बरोबर. दोघंच."

"गृहस्थ आणि त्यांची आई. सूनबाई यायच्या नाहीत, त्यांना बरं नसतं. वाईट वाटलं ऐकून."

बोळात गार वाटत होतं. मी म्हणाले, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"बाईच बोलल्या. सकाळी."

"कशा आवाजात?"

"तुमच्याच," ती म्हणाली. "म्हणून तर मी नाव विचारलं नाही."

मी तिला शक्य तितक्या स्पष्ट शब्दांत सांगितलं, की मी ग्लेंडा, बायको. मी येणार आहे. आई वारली आहे. तिकडे कागद हलल्याचा आवाज आला. मग ती बाई अतिशय अदबीनं म्हणाली, "लिहून घेते, सिन्योरा. पण सकाळीही हेच सांगितलं होतं, की एक वारली आहे."

६

त्या दुपारी मी सभ्यपणा गुंडाळून ठेवला. नकाशाच्या पलीकडे डेस्मंड बसला होता.

"तीन जागा तू सांगितल्यास ना? अविन्योंला?"

"मी?" तो म्हणाला. "मी एकही फोन केला नाही. मला वाटलं तू."

"मी कशाला?"

"मला नीसच्या हॉटेलातून फोन आला होता. तिघांचं विचारलं. मला वाटलं, ग्लेंडाला आईची सवय सुटत नाहीये, कशाला बोलून तिला दुखवा. म्हणून हो म्हणालो."

"आणि चहा? चौथा चमचा?"

"तो तर तू म्हणालीस म्हणून," तो सावकाश म्हणाला. "पुढच्या खोलीतून म्हणालीस. चहा पाणचट होतो, घाल की एक."

एकमेकांना जपण्यात आम्ही ईनिडना महिनाभर जागा करून दिली होती. कुणी एकानं पहिल्या दिवशीच तोंड उघडलं असतं तर कदाचित एवढ्यावर आलं नसतं. डेस्मंडनं माझा हात धरला. त्याचा हात थंड होता आणि बोटांची नखं निळसर दिसत होती.

"नको जायला?" त्यानं विचारलं.

नाही म्हटलं असतं तर पुन्हा तेच झालं असतं, फक्त या वेळी पुढचं वर्ष नव्हतं. मी म्हणाले, "जायचंय. मला तुझ्याबरोबर लेच्चेला जायचंय, डेझ. बाकी काही मला नको."

"मग जाऊ," तो म्हणाला. "उद्या सकाळी दार लावायचं आणि मागं बघायचं नाही."

७

सकाळ चांगली उजाडली. बॅगा दाराशी, पासपोर्ट डेस्मंडच्या खिशात, गोळ्यांची डबी दुसऱ्या खिशात. मी गॅस बघितला, मागचं दार बघितलं. पुढच्या खोलीच्या खिडकीची कडी तेवढी राहिली होती. कडी लावली आणि खाली बघितलं तर बुटाची नाडी सुटलेली. वाकून बांधवेना, म्हणून खुर्चीत टेकले. घटकाभर.

"झालं का?" डेस्मंड दारातून म्हणाला.

आले, असं मी म्हणणार होते. शब्द तोंडात तयार होता. हात खुर्चीच्या हातांवर रेटले, पण गुडघ्यांनी ऐकलं नाही. छातीत काहीतरी झालं. खरंच झालं, मी खोटं बोलत नाही. आणि माझ्या तोंडून, माझ्यापेक्षा कितीतरी जुन्या आवाजात, आलं ते असं:

"माझी काळजी करू नका. तुम्ही जा."

तो आत येईल म्हणून मी वाट बघत होते. तेवढ्यात बोळात पावलं वाजली, चपळ, जिना रोज शंभरदा चढणाऱ्या बाईची, आणि एक आवाज म्हणाला, "चल डेझ, गाडी थांबायची नाही आपल्यासाठी."

तो आवाज मी ओळखला. रोज त्याच आवाजात मी त्याला उठवते.

दार लागलं. पडदा बाजूला करण्याएवढी ताकद हातात होती. उतारावरून दोन बॅगांची चाकं खडखडत चालली होती. डेस्मंड आज पावलं आखडत नव्हता, नेहमीसारखा चालत होता, आणि शेजारी त्याच्या कोपराला धरून मोठ्या बटणांचा फिकट तपकिरी कोट. उन्हाळ्यात कोट. पाठ ताठ. चेहरा मला दिसला नाही. वळणाशी तो कोट जरासा इकडं वळू लागला, केस माझ्यासारखे कापलेले दिसले, कानाची पाळी दिसली, आणि मी डोळे मिटले. बघायचं नव्हतं मला.

डोळे उघडले तेव्हा वळणावर डेस्मंड एकटाच थांबलेला दिसला. त्यानं मागं बघितलं. घराकडे नाही, नेमकं या खिडकीकडे. क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर तेच घाबरट हसू आलं, काहीतरी निसटल्यासारखं. मग त्यानं टोपीला दोन बोटं लावली आणि वळणाआड गेला.

इतक्या वर्षांत माझ्यासाठी त्यानं कधी तसं केलं नव्हतं. आणि मला बरं वाटलं, याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटते.

खाली गाडी सुटल्याचा आवाज आला. खुर्चीच्या हातावर कपबशी होती, चहा अजून गरम होता. मी चमचा उचलला आणि बशीवर वाजवला, हलक्या हातानं. मग जरा जोरात. घर गप्प होतं. चमचा ऐकून धावत येणारी या घरात एकच बाई होती, आणि ती आत्ताच लेच्चेला गेली.